नाव फ्रान्सिस, गाव नंदाखाल

सप्टेंबर २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने त्र्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव जाहीर केलं. त्यांची पुस्तकं वाचलेले लोक आनंदले. न वाचलेल्यांपैकी काहींनी नावाकडे पाहूनच भुवया उंचावल्या. काही संघटनांनी उघड विरोध केला, महामंडळाकडे निषेधाचे फोन आले. संमेलन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला भरायचं होतं. आम्हा लातूरकरांना हे गाव परकं नाही. १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत लातूर उस्मानाबादचाच भाग होतं. त्यामुळे पाहुणा घरी येणार म्हटल्यावर नांदेड-लातूरच्या वाचनालयांतून, प्राध्यापकांच्या खोल्यांतून एकच विषय घोळत राहिला. मराठीच्या सर्वांत मानाच्या खुर्चीवर ‘फ्रान्सिस’ कसा?

प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणणार नाही. मराठवाड्यात हे नाव कानावर पडायला तशी जागाच नव्हती. आमच्याकडेही ख्रिस्ती घरं आहेत, पण पोर्तुगीजांची सत्ता इथवर कधी पोचली नाही. इथल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या प्रोटेस्टंट मिशनांमुळे त्या धर्मात आला, आणि त्या मिशनांनी माणसाचं नाव सहसा बदललं नाही. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री शेवटपर्यंत नारायणच राहिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळकही. नव्या पिढीची नावं बदलली ती मराठी बायबलातून, म्हणजे योहान, दाविद, शमुवेल, पौल अशी. ही नावं मराठी तोंडात बसलेली होती. फ्रान्सिस मात्र बायबलात नाही, कारण हे नाव येशूनंतर बाराशे वर्षांनी रूढ झालं. योहानाला गोव्यात जुवांव म्हणतात, लिस्बनमध्ये जुआंव, मुंबईत जॉन. मराठी अनुवादकांनी त्याला योहान करून घेतलं. फ्रान्सिसला असं मराठी रूप देण्याची संधी कुणाला मिळालीच नाही.

या नावाचा उगम एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या हौसेत आहे. इटलीतल्या असिसी गावचा पिएत्रो दि बर्नार्दोने व्यापारासाठी फ्रान्सला जात असे. ११८१ किंवा ११८२ मध्ये तो बाहेरगावी असताना त्याला मुलगा झाला. आईने बाप्तिस्म्यात मुलाचं नाव जोव्हान्नी ठेवलं. बाप परतला आणि पोराला ‘फ्रान्चेस्को’ म्हणू लागला. फ्रान्चेस्को म्हणजे फ्रान्सकडचा, फ्रँक लोकांमधला. लाडाचं, काहीसं मिरवायचं नाव. मोठेपणी या पोराने बापाचा पैसा, अंगावरचे कपडेसुद्धा परत केले आणि भिकाऱ्यासारखा रस्त्यावर उतरला. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो गेला आणि दोनच वर्षांत पोपने त्याला संत घोषित केलं. एका संतामुळे एक टोपणनाव युरोपभर बाप्तिस्म्याचं नाव झालं. फ्रान्समध्ये ते फ्रान्स्वा झालं, इंग्लंडमध्ये फ्रान्सिस, पोर्तुगालमध्ये फ्रान्सिस्को.

याच फ्रँक शब्दाने दुसरी एक वाट धरली. क्रूसयुद्धांच्या काळात अरबांना पश्चिमेकडून आलेले सगळे गोरे सारखेच दिसत होते, आणि त्या सगळ्यांना त्यांनी फ्रँकच म्हटलं. फारसीत त्याचं ‘फरंग’ झालं, दख्खनीत आणि मराठीत ‘फिरंग’, ‘फिरंगी’. युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग. आणि मग आपल्या इतिहासातला तो माणूस आठवा, ज्याने १६६० मध्ये चाकणचा लहानसा भुईकोट शाएस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला. त्याचं नाव फिरंगोजी नरसाळा. शिवाजी महाराजांच्या या किल्लेदाराच्या नावात जो ‘फिरंग’ आहे, तोच असिसीच्या फ्रान्चेस्कोच्या नावात आहे. फिरंगोजी या नावाला कुणी परकं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूही नये.

इथवरची गोष्ट सुंदर आहे. पुढची सगळी तशी नाही, आणि ती टाळून या नावाविषयी लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला ज्या फ्रान्सिस्कोचा पहिला जबर तडाखा बसला, तो फ्रान्सिस्को द अल्मैदा. १५०५ मध्ये तो पोर्तुगीजांचा भारतातला पहिला व्हाइसरॉय म्हणून आला. १५०८ च्या डिसेंबरअखेर त्याने दाभोळ बंदर लुटलं, जाळलं, माणसं कापली. त्याच्यामागून त्याच नावाच्या संताचे, फ्रान्सिस्कन पंथाचे अनवाणी साधू आले. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि या साधूंनी वसई-साष्टीत मठ आणि चर्च उभारली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यावरही त्यांनी चर्च केलं.

आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला तो तिसरा फ्रान्सिस्को. नवार प्रांतातल्या झेवियरच्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मलेला, पॅरिसला शिकलेला जेझुइट. दहा वर्षांत तो मलाक्का, मोलुक्का बेटं, जपानपर्यंत फिरला. मधे वसईलाही येऊन गेला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर तो वारला, आणि १५५४ मध्ये त्याचा देह गोव्यात आणला गेला. १६२२ मध्ये तो संत ठरला. गोव्याचे लोक त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. त्याचं शरीर दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. कोकणपट्टीत आज जे असंख्य फ्रान्सिस आहेत, त्यांच्यातले बहुतेक असिसीच्या संतापेक्षा या सायबाच्या नावाचे. त्यामुळेच ‘फ्रान्सिस झेवियर’ अशी जोडीच नाव म्हणून ठेवली जाते. एवढी की झेवियर हे मुळात एका गढीचं नाव आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. गोव्यात त्याचं लाडाने ‘शाबी’ होतं.

नाव कसं लागलं? बाप्तिस्म्याच्या वेळी. धर्मांतर करणाऱ्याला संताचं किंवा धर्मपित्याचं नाव मिळे, आडनाव बहुधा धर्मपित्याचं नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. म्हणून वसईच्या एकाच आळीत परेरा, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज, तुस्कानो, डाबरे भेटतात, आणि त्यांच्यात सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी असे जुने समाजही तितकेच ठळक उरलेले असतात. सामवेदी ख्रिस्ती समाजाचा या अंगाने अभ्यास करणाऱ्या लेखकाचं नावही फ्रान्सिसच, फादर फ्रान्सिस कोरिया. ज्यांनी मनापासून धर्म स्वीकारला, त्यांनी नावही मनापासून घेतलं असेल. पण १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडता, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला. १७३६ च्या एका फर्मानाने लग्नातली गाणी, विडे, तुळस अशा साध्यासाध्या गोष्टींवर बंदी घातली. अशा राजवटीत पाळण्यातल्या मुलाचं नाव हा बापाच्या मर्जीचा मामला नव्हता. मुलाचं जुनं नाव पुसलं जाणं म्हणजे आजा-पणजाशी बांधलेला धागा तुटणं. त्या दुःखाची नोंद चर्चच्या वह्यांत नाही. तिथे फक्त नवी नावं आहेत.

तरीही लोकांनी एक केलं. नाव घेतलं, पण उच्चार आपला ठेवला. गोव्यात दोमिंगोसचा दुमिंग झाला, कायतानोचा कायतान, जुझेचं जुझेच, सेबास्त्यांवचा बस्त्यांव, इनासियूचा इनास, आंतोनियूचा आंतोन. सावकाश, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाकांनी या नावांचे कोपरे घासले गेले. पोर्तुगालातल्या माणसाला बस्त्यांव ही हाक चटकन कळणार नाही. तो शब्द आता कोकणीचा आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातलं पोर्तुगीज राज्य संपलं. ज्यांनी नावं दिली ते गेले. नावं राहिली. मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. पुढची दोनशे ऐंशी वर्षं वसईवर पेशव्यांचं, इंग्रजांचं आणि स्वतंत्र भारताचं राज्य आहे. नावं टिकवण्याची सक्ती करणारं सरकार उरलं नाही. तरीही ती टिकली, याचा अर्थ तोवर ती लादलेली राहिली नव्हती. ती आजोबांची झाली होती.

इंग्रजांच्या काळात मात्र एक विलक्षण बदल झाला. मुंबई-वसईकडच्या कॅथलिकांनी कंपनीच्या आणि सरकारच्या नोकऱ्या धरल्या, १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ अशी ओळखही घेतली, आणि पहिली नावं इंग्रजी वळणाची केली. फ्रान्सिस्कोचा फ्रान्सिस, आंतोनियोचा अँथनी, दोमिंगोसचा डॉमिनिक. आडनावं तशीच पोर्तुगीज ठेवली. त्यामुळे ‘फ्रान्सिस दिब्रिटो’ हे नाव उच्चारताना आपण नकळत दोन साम्राज्यं उच्चारतो. पहिला शब्द इंग्रजांच्या शाळेतून आलेला, दुसरा पोर्तुगीजांच्या चर्चमधून. आणि ज्याला ते नाव मिळालं तो वसई तालुक्यातल्या नंदाखालचा, ४ डिसेंबर १९४२ रोजी जन्मलेला मराठी मुलगा. ३ डिसेंबर हा झेवियरचा सण, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जन्मलेला.

गोव्यातली एक गोष्ट आम्हा मराठवाड्याच्या लोकांना चटकन कळेल. १९२४ मध्ये साळगावला न्यूटन सोझा नावाचा मुलगा जन्मला. लहानपणी त्याला देवी आल्या. आईने झेवियरला नवस केला. पोरगा वाचला, तर त्याला पाद्री करीन. तो वाचला, आणि आईने त्याच्या नावात ‘फ्रान्सिस’ घातलं. पाद्री काही तो झाला नाही. १९४७ मध्ये रझा, आरा, गाडे, बाकरे आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन यांच्याबरोबर त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, आणि एफ. एन. सोझा या नावाने तो जगाला माहीत झाला. त्या ‘एफ’मध्ये एका आईचा नवस आहे.

आमच्याकडे वेगळं काय होतं? लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाला नवस बोललेल्या घरात खंडू, मल्हारी निपजतात. कपिलधारच्या मन्मथस्वामींवर श्रद्धा असलेल्या लिंगायत घरांत मन्मथ असतोच. नांदेडकडे गोदावरीला लोक गंगाच म्हणतात, म्हणून गल्लीगल्लीत गंगाधर आणि गंगाराम. आणि पिराजी? मराठवाड्यातल्या हिंदू घरांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. मूल जगावं म्हणून पिराला साकडं घातलं, मूल जगलं, त्याचं नाव पिराजी. पीर हा फारसी शब्द, त्याला आपण ‘जी’ लावला आणि विठ्ठलाच्या दिंडीत टाळ धरून चालायला पाठवला. पिराजीला कुणी तुझी मराठी खरी का, असं विचारत नाही. सोझाच्या आईने केलं ते याहून तसूभरही वेगळं नव्हतं.

नांदेडच्या हजूर साहिबच्या परिसरातल्या शीख घरांत तर नाव माणूस निवडतच नाही, निदान पहिलं अक्षर तरी. गुरू ग्रंथ साहिब उघडायचा, जो हुकूम निघेल त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवायचं, पुढे मुलाला सिंघ आणि मुलीला कौर. मूळ नाव दोघांनाही तेच चालतं. पंचांग पाहून अक्षर काढणाऱ्या शेजाऱ्याला यात काही नवल वाटत नाही. मुलाचं नाव आपल्यापेक्षा मोठ्या कुणाकडून यावं, ही इच्छा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, लातूरच्या सिद्धेश्वराच्या पायरीवर आणि वसईच्या चर्चमध्ये सारखीच आहे.

पोर्तुगीज भाषेच्या जगात फ्रान्सिस्कोचं सर्वांत मोठं पीक आलं ते ब्राझीलमध्ये. तिथल्या २०१० च्या जनगणनेत सुमारे १७ लाख ७० हजार माणसं या नावाची निघाली. जुझे, जुआंव आणि आंतोनियोनंतर पुरुषांच्या नावांत त्याचाच क्रम. हे नाव विशेष करून ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात, सियारा राज्यात दाट आहे. तिथे कानिंदे नावाचं गाव आहे, संत फ्रान्सिसचं मोठं तीर्थ. सप्टेंबरअखेरपासून ४ ऑक्टोबरच्या सणापर्यंत तिथे यात्रा भरते, नवस फेडणारे लोक संतासारखा तपकिरी झगा घालून, कित्येक जण पायी चालत येतात. हा सगळा प्रदेश दुष्काळाचा. पाऊस लांबला, गुरं मेली, मूल आजारी पडलं की नवस, आणि नवसाचं मूल फ्रान्सिस्को. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, तेव्हा स्टेशनात जमलेल्या लोकांना कानिंदेच्या वाटेवरची माणसं समजावून सांगावी लागली नसती.

ब्राझीलमध्ये फ्रान्सिस्कोला लाडाने ‘शिकू’ म्हणतात. गायक शिकू बुआर्क, आणि ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचा पुढारी शिकू मेंदिस. पूर्ण नाव फ्रान्सिस्को आल्व्हिस मेंदिस फिल्यू. जंगल तोडणाऱ्या जमीनदारांना त्याने अडवलं म्हणून २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याच्या घराच्या दारात त्याला गोळी घातली गेली. जवळपास त्याच सुमारास वसईत एक पाद्री गावोगाव सभा घेत होता. बिल्डरांच्या हाती हिरवी वसई जाऊ नये, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ नये, म्हणून लोक उभे करत होता. हरित वसई संरक्षण समितीचे ते फादर म्हणजे फ्रान्सिस दिब्रिटो. असिसीच्या संताने पाण्याला बहीण आणि वाऱ्याला भाऊ म्हटलं होतं, आणि १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पर्यावरण राखणाऱ्यांचा आश्रयदाता संत ठरवलं. एकाच नावाची दोन माणसं जगाच्या दोन टोकांना एकच लढाई लढत होती, हे मला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्या संताचं नाव आपण घेतो, त्याचं थोडं देणं लागतो, असं मला वाटतं. २०१३ मध्ये अर्जेंटिनाच्या बेर्गोल्यो यांनी पोप होताना इतिहासात पहिल्यांदाच ‘फ्रान्सिस’ हे नाव घेतलं, तेही असंच. शेजारी बसलेल्या ब्राझीलच्या कार्डिनल हुमेस यांनी त्यांना मिठी मारून गरिबांना विसरू नका म्हटलं, आणि त्यांना असिसीचा संत आठवला.

आमच्या भागात ही माणसं माहीत नव्हती. आम्हाला माहीत होता तो हिंदी सिनेमा. तिथे अँथनी दारू पितो, रॉबर्ट सोनं पळवतो, डिसूझा बार चालवतो. १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ त्यातल्या त्यात मायेचा, आणि त्यातल्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नावही खऱ्या माणसाचं होतं. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू, गोव्याचे. पण एका गाण्याने चाळीस वर्षांची सवय धुतली जात नाही. नाव ऐकताच माणसाचा धंदा, त्याची भाषा, त्याची निष्ठा ठरवून टाकायची सवय आपल्याला पडद्याने लावली आणि आपण ती आनंदाने लावून घेतली. २०१९ मध्ये वर झालेल्या भुवयांमागे मला ती दिसते.

१० जानेवारी २०२० रोजी ना. धों. महानोरांनी संमेलनाचं उद्घाटन केलं. प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो आले. अध्यक्षपदावरून बोलणारा हा माणूस १९८३ पासून कित्येक वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक होता. त्याच्या ‘सुबोध बायबल – नवा करार’ला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. त्याच्यामागे चारशे वर्षांची ओळही होती. १५७९ मध्ये गोव्याला आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता. दिब्रिटो बोलायला लागल्यावर नावाचा प्रश्न मांडवात कुठे उरला नाही. मराठी साहित्य संमेलनाचे ते पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

आज वसईच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाला फ्रान्सिस व्हावंच लागतं असं नाही. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल हे पाहण्याची जबाबदारी पाद्र्यावर होती. आईबाप ऐकत नसतील, तर त्याने नोंदवहीत संताचं नाव आपल्याकडून जोडावं असं त्यात होतं. १९८३ च्या नव्या कायद्याने ती अट काढली. नाव ख्रिस्ती भावनेला विजोड नसावं, एवढंच उरलं. त्यानंतर कॅथलिक घरांत भारतीय नावं मोकळेपणाने आली. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव वाचेपर्यंत धर्म कळत नाही अशी मुलं आता मोठी होऊन स्वतः आईबाप झाली आहेत.

गोव्यात याच्या उलट एक प्रवास चालू आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व मिळवता येतं. त्यासाठी जुने दाखले काढावे लागतात, आणि आजोबा चर्चच्या वहीत फ्रान्सिस्को, शाळेच्या दाखल्यावर फ्रान्सिस, घरात आणखी तिसरेच असे निघाले, की प्रतिज्ञापत्रांची रांग लागते. लातूरच्या तहसीलसमोर ‘बालाजी ऊर्फ व्यंकट’ असा स्टँप पेपर लिहून घेणाऱ्या माणसाला ही यातायात पुरती ठाऊक आहे. लिस्बनमध्ये मात्र अलीकडच्या काळात फ्रान्सिस्को हे नाव पुन्हा बहरलं आहे. मुलग्यांच्या नावांच्या यादीत ते काही वर्षं अगदी वर होतं. गोव्यातल्या घरांत पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देण्याची रीत अजून पुष्कळ जण पाळतात, आणि आजोबा फ्रान्सिस असतील तर नातूही फ्रान्सिसच होतो, नागरिकत्व कुठलंही असो.